दूध काढायचं कुणाच्या रकान्यात लिहू?

प्रश्न न्यू जर्सीत राहणाऱ्या एका आईचा आहे. मुलगी पाचवीत आहे. शाळेत 'अमेरिकेतलं जुनं खेडं' हा विषय चालू आहे आणि घरी एक कागद दिला आहे. डावीकडे 'पुरुषांची कामं', उजवीकडे 'बायकांची कामं', दोन्ही रकाने भरून आणायचे. नांगरणी डावीकडे गेली, स्वयंपाक उजवीकडे गेला आणि गाडी दुधावर अडली. मुलगी म्हणाली, "गोठा तर घराबाहेर असतो, पण गावाकडे पणजीच दूध काढायची ना?" दूध काढायचं काम नक्की कुणाचं, आणि बायका घरात, पुरुष शेतात हे चित्र मुळात खरं आहे का, असं आईने विचारलं आहे.

मी गेली सोळा वर्षं मॅसॅच्युसेट्समधल्या एका खुल्या संग्रहालयात काम करते. तिथे जुनं खेडं जसंच्या तसं उभं केलेलं आहे. मी तिथे १८०० च्या आसपासचे कपडे घालून चुलीवर रांधते, लोकर कातते, साबण करते आणि येणाऱ्यांना ते समजावून सांगते. मूळची मी साताऱ्याकडची. त्यामुळे हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी कळतो, आणि त्याचं उत्तर मी एका ओळीत देणार नाही.

आधी जागा आणि काळ ठरवून घेऊ. 'जुनी अमेरिका' हा शब्द फार मोठा आहे. व्हर्जिनियातल्या तंबाखूच्या मळ्यावरचा दिवस आणि मेनमधल्या नदीकाठच्या वस्तीतला दिवस यांत काहीच साम्य नव्हतं. मी बोलते आहे ते न्यू इंग्लंडबद्दल, म्हणजे मॅसॅच्युसेट्स, मेन, न्यू हॅम्पशर वगैरे ईशान्येकडच्या राज्यांबद्दल, आणि साधारण १७६० ते १८३० या काळाबद्दल. मध्ये प्रार्थनाघर, आसपास गिरणी, लोहार, एखादं दुकान, आणि मग दूरदूर पसरलेली शेतघरं. घरात नवरा-बायको, सहा-सात मुलं, कधी म्हातारी आई, कधी कामाला ठेवलेली शेजारची मुलगी.

कागदावरचे दोन रकाने अवजारांपुरते बरोबर आहेत. नांगर, कुऱ्हाड, विळा, कोयता, बैलजोडी ही पुरुषाच्या हातातली. चरखा, रवी, सुई, कढई ही बाईच्या हातातली. पण माणसं अवजारं खात नाहीत. ती भाकरी खातात, सदरा घालतात. कुठल्याही एका वस्तूचा माग काढत गेलं की ती दहा वेळा या हातातून त्या हातात जाते.

भाकरीच घ्या. न्यू इंग्लंडच्या दगडाळ जमिनीत गहू नीट येत नसे, म्हणून रोजची भाकरी राय आणि मका यांच्या मिश्र पिठाची असायची. पेरणी-कापणी पुरुषाची. धान्य घोड्यावर लादून गिरणीत न्यायचं काम बहुतेक वेळा घरातल्या पोराचं. दळलेलं पीठ घरी आलं की पुढचं बाईचं. तिच्याकडे विटांची भट्टी असायची, चुलीच्या बाजूला भिंतीतच बांधलेली. आठवड्यातून एकदा ती पेटवायची. आत सुकी लाकडं घालून दीड-दोन तास जाळायची, मग निखारे ओढून काढायचे, ओल्या कुंच्याने तळ झाडायचा आणि उघडा हात कोपरापर्यंत आत घालून आकडे मोजायचे. ही माझी रोजची परीक्षा आहे. माझ्या हाताला वीसपर्यंत टिकाव धरता आला तर भाकरी घालायची. दहालाच हात ओढून घ्यावा लागला तर दार उघडं ठेवून थांबायचं. पहिल्या वर्षी मी कितीतरी भाकऱ्यांची तळं कोळसा केली. साताऱ्याच्या आमच्या घरी आजी तव्यावर पाण्याचा थेंब टाकून ताप ओळखायची. इथल्या आजीबाई हाताची कातडी वापरायच्या.

शनिवारी सूर्य मावळला की त्यांचा रविवार सुरू व्हायचा, आणि रविवारी काम वर्ज्य. म्हणून घेवड्याचं भांडं शनिवारीच भट्टीत ढकलायचं. ते रात्रभर शिजत राहायचं आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेहून आल्यावर गरम मिळायचं. बॉस्टनचे प्रसिद्ध घेवडे हे असे आले.

आता या भट्टीला लाकूड कुठून आलं? एका शेतघराला वर्षाला ३० ते ४० कॉर्ड सरपण लागायचं. कॉर्ड म्हणजे चार फूट रुंद, चार फूट उंच आणि आठ फूट लांब रास. अशा तीस-चाळीस राशी. हिवाळ्यात शेत बर्फाखाली असताना पुरुष आणि मुलगे जंगलात असायचे. झाडं पाडायची, बर्फावरून बैलांच्या घसरगाडीने ओढून आणायची, फोडायची, रचायची. हिवाळ्यात पुरुष रिकामा बसतो असं वाटणाऱ्यांनी एकदा ही कुऱ्हाड उचलून बघावी. पण त्या लाकडाची राखही टाकून द्यायची नसे. ती बाई पिंपात साठवायची, वसंतात तिच्यातून पाणी गाळायची आणि त्या क्षाराच्या पाण्यात वर्षभराची चरबी उकळून मऊसर साबण करायची. पाणी पुरेसं कडक झालं का हे बघायला त्यात अंडं सोडायचं. तरंगलं तर ठीक. थोडक्यात, त्याचं लाकूड, तिची राख, त्याने मारलेल्या डुकराची तिने साठवलेली चरबी आणि शेवटी दोघांचे कपडे धुणारा साबण. हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

सदऱ्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, आणि मला ती सांगायला फार आवडते. ज्या जवसाची आपण चटणी करतो, त्याच झाडाच्या देठातून लिननचं सूत निघतं. जवस पेरायचा पुरुषाने. उपटायला सगळं घर, कारण तो कापत नाहीत, मुळासकट उपटतात. मग देठ दवात किंवा पाण्यात कुजवायचे, आपल्याकडे अंबाडी कुजवतात तसेच. वाळल्यावर ते लाकडी ब्रेकमध्ये चेचायचे. हा ब्रेक म्हणजे माणसाच्या कमरेएवढा, लाकडी पात्यांचा अडकित्ताच समजा. तो चालवायला खांद्यात जोर लागतो, म्हणून हे काम पुरुषांचं. त्यानंतर लाकडी पट्टीने झोडपून काष्ठ उडवायचं, तेही बहुधा पुरुषांचंच. मग लोखंडी खिळ्यांच्या फणीतून ती जुडी पुन्हा पुन्हा ओढायची. इथून काम बाईच्या हातात येतं. जाड, भरड तंतू फणीत राहतात आणि हातात उरते ती बारीक, केसांसारखी, फिकट सोनेरी वेणी. या फणीने मी दोनदा बोटं फाडून घेतली आहेत. हात जरा घाईत खाली आला की खिळा थेट आत.

त्यानंतर कताई. लिननला पायाने चालवायचा छोटा चरखा, लोकरीला मोठा. मोठ्या चरख्यावर बसता येत नाही. उजव्या हाताने चाक फिरवायचं, डाव्या हाताने पेळू धरून मागे मागे चालत जायचं, पीळ बसला की पुढे येत चातीवर सूत गुंडाळायचं, पुन्हा मागे. दिवसभर ही ये-जा. आलेल्या पाहुण्या बायकांना मी चरखा देते तेव्हा पाच मिनिटांत त्या म्हणतात, "हे तर चालण्याचं काम आहे." लोकर पिंजायला आणि विणणाऱ्यासाठी कांड्या भरायला मुलं बसायची. त्यात मुलगे-मुली असा भेद नसायचा. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या हाताला हे जमतं, एवढंच बघायचे.

मागाचं म्हणाल तर तिथे एक अदलाबदल झाली. १६०० च्या शतकात इंग्लंडहून आलेले विणकर पुरुष होते. विणणं हा शिकून घ्यायचा, पगारी धंदा होता. पुढच्या शंभर वर्षांत न्यू इंग्लंडमध्ये माग हळूहळू बायकांकडे गेला. मुली आपल्या घरच्यासाठी विणू लागल्या, शेजारणीचं विणून देऊ लागल्या. तीच अवजारं, तेच ताणे-बाणे, पण काम एका रकान्यातून दुसऱ्यात गेलं. गेलं तेव्हा त्याची किंमतही उतरली, हे मात्र माझ्या नजरेतून सुटत नाही.

या कताईने राजकारणही केलं. ब्रिटिश मालावर बहिष्कार होता तेव्हा, १७६८ ते १७७० च्या सुमाराला, न्यू इंग्लंडच्या गावागावांत बायका आणि मुली चरखे घेऊन पाद्र्याच्या घरी जमल्या, दिवसभर कातलं आणि सूत तिथेच देऊन आल्या. वर्तमानपत्रांनी त्याच्या बातम्या छापल्या. चरखा आणि परदेशी कापड यांचा संबंध मराठी वाचकाला मी काय समजावून सांगणार?

आता दुधाकडे येते. १७०० च्या शतकात या भागात दूध काढणं बहुतेक घरांत बायका-मुलींचं काम होतं, कारण लोणी आणि चीज करणारी तीच, आणि दुधाचं भांडं किती स्वच्छ हवं हे तिलाच ठाऊक. गोठा घराबाहेर असला तरी दुधाची खोली घराची. गाई वसंतात व्यायच्या, त्यामुळे काम उन्हाळाभर असायचं. चीज करायला सकाळचं-संध्याकाळचं दूध एकत्र कोमट करून वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजायचं, दही कापायचं, पाणी निथळून चीज दाबून ठेवायचं आणि मग महिनोन् महिने रोज उलटायचं, पुसायचं. १८०० नंतरच्या तीस-चाळीस वर्षांत, कळप वाढले आणि लोणी-चीज बाजाराचा माल झाला, तसतसं बऱ्याच घरांत दूध काढायला पुरुष आणि मुलगे जाऊ लागले. म्हणजे तुमच्या मुलीला उत्तर हवं असेल तर आधी विचारावं लागेल: कुठल्या सालचं खेडं?

चीजचं एक उदाहरण तिला नक्की सांगा. मॅसॅच्युसेट्समधल्या चेशर नावाच्या गावाने १८०२ च्या पहिल्या जानेवारीला राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफर्सन यांना एक चीज भेट दिलं. वजन १,२३५ पौंड, म्हणजे ५६० किलो. गावातल्या झाडून साऱ्या गाईंचं दूध त्यात ओतलेलं. ते गाडीतून आणि जहाजातून वॉशिंग्टनला नेणारे पाद्री जॉन लेलँड. इतिहासात त्यांचं नाव लागलं. विरजण लावणाऱ्या, दही कापणाऱ्या, हात-दोन हात खोल पातेल्यांवर वाकलेल्या बायकांची यादी कुणी केली नाही.

इथे माझं खरं म्हणणं येतं. कामाच्या सीमा लवचीक होत्या. हिशेबाच्या नव्हत्या.

सीमा लवचीक होत्या याचे पुरावे अगदी सुरुवातीपासून आहेत. न्यू इंग्लंडमधली इंग्रजांची सुरुवातीची वस्ती म्हणजे प्लिमथ. त्या वसाहतीत १६२३ साली सामाईक शेती सोडून प्रत्येक घराला मका लावायला वेगळा तुकडा दिला, तेव्हा बायका आपणहून लहान मुलांना घेऊन शेतात उतरल्या, असं गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यांनीच लिहून ठेवलं आहे. नवरा समुद्रावर, युद्धावर किंवा आजारी असला की त्याचे व्यवहार बायकोने बघायचे, हे सगळे गृहीत धरायचे. अॅबिगेल अॅडम्सचं उदाहरण प्रसिद्ध आहे. तिचे पती जॉन अॅडम्स, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, ते १७७४ पासून राजकारणाच्या कामाने आधी फिलाडेल्फियात आणि नंतर युरोपात होते. ब्रेनट्री या त्यांच्या गावची शेती, मजूर, कर, खरेदी-विक्री हे सगळं तिने सांभाळलं. १७७६ च्या एप्रिलमध्ये तिने नवऱ्याला लिहिलं की तुमची मुत्सद्दी म्हणून जशी ख्याती आहे तशी माझी शेतकरीण म्हणून होईल अशी आशा आहे. नव्या कायद्यांत बायकांची आठवण ठेवा, हे तिचं गाजलेलं पत्र त्याच्या दीड आठवडा आधीचं. शेत चालवणारी बाई ते लिहीत होती, हे वाचताना ध्यानात ठेवावं.

पण हे ओलांडणं बहुतेक एकाच दिशेने व्हायचं. बाई शेतात उतरली तर तिला कर्तबगार म्हणायचे. मोठा झालेला पुरुष चरख्याशी किंवा पाळण्याशी बसलेला मला जुन्या नोंदींत क्वचितच भेटतो.

आणि हिशेब? त्या काळी रोकड कमी होती. शेजाऱ्या-शेजाऱ्यांत देवाणघेवाण चालायची आणि ती वहीत मांडायची. लोहाराच्या, दुकानदाराच्या वह्या आम्ही संग्रहालयात वाचतो. खातं नवऱ्याच्या नावाने. आत एखादी ओळ सापडते: 'तुमच्या बायकोने विणलेलं कापड', पुढे किंमत, आणि जमा नवऱ्याच्या खात्यात. बायकांची आपसातली देवघेव, म्हणजे एकीने दिलेलं लोणी, दुसरीने कातून दिलेलं सूत, बाळंतपणात केलेली मदत, ही तर वहीत येतच नसे. इंग्रजी कायद्याप्रमाणे लग्न झालेल्या बाईची मिळकत, मजुरी, तिने आणलेल्या वस्तूसुद्धा नवऱ्याच्या. ती स्वतःच्या नावाने करार करू शकत नसे. नवरा वारला तर तिला जमिनीच्या एक तृतीयांश हिश्शाचा वापर, तोही हयातीपुरता. मृत्युपत्रांत तो हिस्सा इतक्या बारकाईने लिहिलेला असतो की वाचताना पोटात कालवतं: पूर्वेकडची खोली, तळघरातला एक तृतीयांश भाग, भट्टी वापरायचा हक्क, विहिरीपर्यंत जायची वाट, एक गाय, आणि मुलाने दरसाल आणून द्यायचं इतकं सरपण. चाळीस वर्षं जी घराची धनीण होती, तिला विहिरीवर जायचा हक्क कागदावर लिहून द्यावा लागत होता. न्यूयॉर्कने विवाहितेच्या मालमत्तेचा कायदा १८४८ साली केला, मॅसॅच्युसेट्सने १८५५ साली.

बायकांची देवघेव वहीत येत नसे असं म्हटलं, पण एका बाईने ती लिहून ठेवली. तिच्यामुळे आम्हा सगळ्यांचं काम शक्य झालं आहे. मार्था बॅलर्ड, मेनमधल्या केनेबेक नदीकाठच्या हॅलोवेल गावची सुईण. जन्म १७३५. १७६९ च्या उन्हाळ्यात घटसर्पाने तिच्या तीन मुली तीन आठवड्यांच्या आत गेल्या. १७८५ च्या पहिल्या जानेवारीपासून १८१२ च्या मे महिन्यापर्यंत, म्हणजे मरणाच्या जरा आधीपर्यंत, ती जवळजवळ रोज दोन-चार ओळी लिहीत राहिली. हवा कशी होती, कोण आलं, कुणाकडे गेले, घरात काय काम झालं. त्यात ८१६ बाळंतपणांची नोंद आहे. फी साधारण सहा शिलिंग. पैसे नसले तर कापड, चीज, जे मिळेल ते. १७८९ च्या एप्रिलमधली एक नोंद मी येणाऱ्यांना वाचून दाखवते: वादळी पाऊस, नदीला उधाण, बोलावणं आलेलं. बोटीने पलीकडे गेली, पुढचा ओढा तरंगत्या ओंडक्यांवरून ओलांडला, वाटेत झाडं उन्मळून पडत होती. त्यावेळी तिने पन्नाशी ओलांडली होती.

ती हे करू शकत होती याचं कारण घरी मुली होत्या. मोठ्या झालेल्या मुली आणि कामाला ठेवलेल्या शेजारच्या पोरी चरखा आणि माग चालवायच्या, म्हणून आईला अपरात्री घराबाहेर पडता यायचं. नवरा एफ्राइम भूमापक होता, गिरण्या चालवायचा. तो त्याच्या कामाला, ती तिच्या. एका छपराखाली दोन व्यवसाय. मुलींची लग्नं होऊन त्या गेल्या तशी मार्थाच्या डायरीत धुणं आणि रांधणं यांची तक्रार वाढत जाते. बाहेर नाव असलेल्या बाईच्या मागे घरात कुणीतरी बाई राबत असते. हे आजही आपल्या घरांत खरं आहे.

१७९१ च्या ऑक्टोबरमधली एक रात्र. सॅली पिअर्स नावाची अविवाहित मुलगी अडलेली. कायदा असा होता की अशा बाईला कळांच्या भरात सुईणीने बापाचं नाव विचारायचं. त्या वेळी सांगितलेलं नाव खरं धरून न्यायालय त्या पुरुषावर पोटगी लावायचं. मार्थाने विचारलं. सॅलीने नाव घेतलं ते जोनाथन बॅलर्डचं, मार्थाच्या मुलाचं. मार्थाने ते तसंच डायरीत लिहिलं, झाकलं नाही. चार महिन्यांनी, १७९२ च्या फेब्रुवारीत, जोनाथन आणि सॅलीचं लग्न झालं. ज्या बाईच्या नावाने खातंसुद्धा निघत नसे, तिची साक्ष न्यायालय मानत होतं. दोन रकान्यांच्या कागदात ही गोष्ट कुठेच बसत नाही, म्हणून ती मी मुद्दाम सांगते.

म्हातारपणीची एक गोष्ट तर जळणाचीच आहे. एफ्राइम कर गोळा करायचं काम करत होता. रक्कम कमी पडली आणि १८०४ साली त्याला कर्जापायी तुरुंगात जावं लागलं. तो तिथे वर्षाहून अधिक राहिला. एवढ्या अवधीत मार्थाच्या नोंदींत पुन्हा पुन्हा सरपणाची चणचण येते. आठशे बाळंतपणं केलेली बाई, आणि चूल पेटवायला मुलावर अवलंबून. कुऱ्हाड पुरुषाच्या रकान्यात होती याचा अर्थ असाही होता. ही डायरी तिच्या घराण्यात राहिली, पुढे तिच्या खापरपणतीकडे आली, जी स्वतः डॉक्टर होती, आणि तिने ती १९३० साली मेनच्या राज्य ग्रंथालयाला दिली.

शाळेच्या कागदात आणखी काही माणसं दिसणार नाहीत. न्यू इंग्लंडमध्ये गुलाम नव्हते असं अनेकांना वाटतं. होते. मॅसॅच्युसेट्समधल्या शेफील्डला कर्नल जॉन अॅशली यांच्या घरी बेट नावाची गुलाम बाई होती. मालकिणीने चुलीवरचं तापलेलं लोखंडी फावडं दुसऱ्या एका मुलीवर उगारलं, बेट मध्ये पडली, तिचा हात भाजला. तो व्रण ती नंतर झाकत नसे, लोकांना दाखवायची. मी रोज तसंच फावडं हातात घेते, निखारे ओढायला. त्याचं वजन मला माहीत आहे. बेटने १७८१ साली न्यायालयात दाद मागितली, जिंकली, एलिझाबेथ फ्रीमन हे नाव घेतलं आणि पुढे सुईण आणि परिचारिका म्हणून मान मिळवला. अॅशलींच्या घरात 'बायकांची कामं' कोण करत होतं, याचं उत्तर ती आहे.

आणि ज्यांची ही जमीन मुळात होती, त्यांचे रकाने वेगळेच होते. पश्चिमेला, आजच्या न्यूयॉर्क राज्यात, हॉडेनोशोनी (इंग्रजांच्या भाषेत इरोक्वा) या मूळनिवासी लोकांच्या गावांत मका, घेवडा आणि भोपळ्याची शेती बायका करायच्या. शेत आणि लांबोळकी घरं त्यांच्या कुळाची असायची, आणि नवरा लग्नानंतर बायकोच्या घरी राहायला यायचा. सरदार निवडणं आणि काढणं कुळातल्या थोरल्या बायकांच्या हातात. इंग्रजांनी हे पाहिलं आणि ठरवलं की पुरुष आळशी, शिकार करत फिरतात, बायका राबतात. इंग्लंडमध्ये शिकार हा बड्या लोकांचा शौक होता, म्हणून त्यांना ते काम दिसलंच नाही. मेरी जेमिसन ही गोरी मुलगी १७५० च्या दशकात पकडली गेली आणि पुढे आयुष्यभर हॉडेनोशोनींपैकीच सेनेका लोकांत राहिली. तिने म्हातारपणी सांगितलं की त्यांचं काम गोऱ्या बायकांपेक्षा जड नव्हतं आणि काळज्या तर निम्म्याही नव्हत्या. शेतात मुलं सोबत असायची, डोक्यावर कुणी मालक नसायचा, आपल्या चालीने काम करता यायचं. १७९८ पासून क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक सेनेकांकडे जाऊन पुरुषांना नांगर आणि बायकांना चरखा शिकवू लागले. चांगल्या मनाने गेले होते. पण त्याने शेत बाईच्या हातून जाणार होतं.

मग हे दोन साफ रकाने आले कुठून? गिरणीतून. ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेटला १७९० साली पाण्यावर चालणारी सूतगिरणी सुरू झाली, लोकर पिंजायची यंत्रं गावोगाव आली, १८२३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलला गिरणीतून कापड निघू लागलं. घरची कताई बंद पडली. खेड्यातल्या तरुण मुली लोवेलला जाऊन रोज बारा तासांहून जास्त काम करू लागल्या आणि १८३४ साली मजुरी कापली तेव्हा संपावरही गेल्या. ज्या बायका घरी राहिल्या त्या दुकानदाराकडून ताडपत्रं आणून टोप्या विणायच्या. नेमक्या याच काळात, बाईच्या कामाला पहिल्यांदा तिच्या हातात पैसे मिळू लागले असताना, 'घर ही बाईची जागा, बाहेरचं जग पुरुषाचं' हा उपदेश पुस्तकांतून आणि प्रवचनांतून वाढला. पुढे अमेरिकेच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षं झाली म्हणून १८७६ साली फिलाडेल्फियाला भरलेल्या प्रदर्शनात जुन्या पोशाखातल्या बायकांसह न्यू इंग्लंडचं जुनं स्वयंपाकघर मांडलं गेलं. चुलीशेजारी चरखा हे चित्र तेव्हापासून लोकांच्या मनात पक्कं झालं. मोठा चरखा चुलीजवळ ठेवला तर मागे चालायला जागाच उरत नाही. तो उन्हाळ्यात माडीवर किंवा मोकळ्या खोलीत असायचा.

एक धागा आपल्याकडे येतो, तो सांगून थांबते. खेड्यांतल्या शाळांत हिवाळ्यात मोठे मुलगे यायचे, तेव्हा पुरुष मास्तर. उन्हाळ्यात मुलगे शेतावर, मग लहान मुलांसाठी तरुण मुली शिक्षिका, पगार निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. न्यू हॅम्पशरमधल्या मार्लबरोची सिंथिया फरार, जन्म १७९५, ही याच जगातली शिक्षिका. लग्न न करता ती १८२७ साली मुंबईला आली, अमेरिकन मिशनच्या मुलींच्या शाळा पाहू लागली आणि पुढे अहमदनगरला गेली. तिची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली आणि मुलींना शिकवायचं त्यांच्या मनाने घेतलं. तुमच्या मुलीला हे माहीत असायला हवं, कारण तिच्या वहीतलं ते खेडं आणि आपला महाराष्ट्र यांच्यामध्ये ही बाई उभी आहे.

आता कागदाचं काय करायचं? मुलीला दोन रकान्यांच्या मधोमध एक उभी पट्टी आखायला सांगा. दूध तिथे लिहा, बाजूला लिहा 'आधी बायका, १८०० नंतर हळूहळू पुरुषही'. विणकामही तिथेच, उलट्या दिशेच्या बाणासह. जवस उपटणं, मका सोलणं, पिंजणं आणि कांड्या भरणं यांच्यापुढे 'सगळे' असं लिहा. आणि जागा उरली तर प्रत्येक कामासमोर एक छोटा चौकोन काढून त्यात लिहायला सांगा की पैसे कुणाच्या नावावर जमा झाले. शिक्षिकेने विचारलं तर खुशाल माझं उत्तर दाखवा. उन्हाळ्यात इकडे आलात तर तिला भट्टीत हात घालून मोजू देईन. तिच्या वयाची मुलं साधारण बारापर्यंत टिकतात.